सहा गठ्ठे, सात दिवस आणि साडेत्रेचाळीस वर्षांचा सायलेंट मोड!

मंडळी, मोबाइल जरा पालथा ठेवा! आज निघायचंय एका अशा जिल्ह्याच्या सफरीला, जिथं वेळ वाचवायचे एकापेक्षा एक भन्नाट फंडे सापडतात. कुणी किल्ल्यात बसून पुस्तकं लिहिली, कुणी तोंडातून शब्द न काढता जग फिरलं, तर कुणी सरकारी फायलींना चक्क एक्स्पायरी डेट लावायला भाग पाडलं. जिल्हा कोणता? अहिल्यानगर! जुन्या सवयीनं म्हणायचं तर आपलं नगर.

माहीत आहे का, महाराष्ट्रभरच्या सरकारी कचेऱ्यांत टेबल आवरायची जी पद्धत शिकवतात, तिचा पत्ता थेट नगरच्या कलेक्टर ऑफिसचा आहे? 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना नगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची बसायची रचना बदलली, कामाच्या पायऱ्या सोप्या केल्या, कागदांना शिस्त लावली. हा प्रयोग 'लखिना पॅटर्न' म्हणून इतका गाजला की आजही प्रशिक्षणात नव्या कारकुनाच्या कानावर हे नाव पडतंच.

गठ्ठा मतांबद्दल नगरकरांना सांगायला नको. पण गठ्ठा कामांबद्दल? लखिना पॅटर्नचं नाव निघालं की 'सहा गठ्ठे पद्धत' आलीच. टेबलावर कागदांचा डोंगर नाही. सगळं दप्तर फक्त सहा गठ्ठ्यांत! पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यावर मलाच काहीतरी करायचंय. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे माझं करून झालंय, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय. तिसरा नियतकालिकांचा. थांबा, ही दिवाळी अंकांची थप्पी नव्हे! दर आठवड्याला, दर महिन्याला वर पाठवायचे अहवाल म्हणजे नियतकालिकं. चौथा गठ्ठा स्थायी आदेशांचा. पाचव्यात अभिलेख कक्षात, म्हणजे आपल्या भाषेत रेकॉर्ड रूमला धाडायचे कागद. आणि सहाव्यात नष्ट करायचे.

या सहांतली खरी जादू पहिल्या दोघांत आहे. माझ्यामुळे अडलेलं काम आणि दुसऱ्यामुळे अडलेलं काम एकाच ढिगात पडलं, की ढीग बघूनच छाती दडपते. दोन्ही वेगळे करा, पहिला गठ्ठा एकदम सडपातळ दिसायला लागतो! अमेरिकेत डेव्हिड ॲलन यांचं 'गेटिंग थिंग्ज डन' हे पुस्तक 2001 मध्ये आलं आणि जगभरच्या मॅनेजर लोकांनी ते डोक्यावर घेतलं. त्यातही दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या कामांची एक वेगळी यादी ठेवायला सांगितलीय. म्हणजे आपला प्रतीक्षाधीन गठ्ठाच की! आपल्या नायब तहसीलदारांनी ती आयडिया त्याआधी कितीतरी वर्षं लाल कापडात बांधून ठेवली होती.

बरं, कुठला कागद किती वर्षं जपायचा? त्याला अ, ब, क, ड अशी वर्गवारी. 'अ'ला मरण नाही, तो कायमचा. 'ब' 30 वर्षं. 'क' त्याहून कमी. आणि 'ड'? वर्षभरानं टाटा! आता फोनमधल्या गुड मॉर्निंगच्या फुलांना कुठला वर्ग द्यायचा, हे वेगळं सांगायला नको.

आता नगर जिल्ह्यातच पारनेर तालुक्याकडे गाडी वळवा. राळेगणसिद्धी, अण्णा हजारेंचं गाव!

अण्णा हजारे म्हटलं की माहितीचा अधिकार आठवतो. पण अण्णांच्या आंदोलनांच्या रेट्यातून आलेला आणखी एक कायदा आहे, माहीत आहे का? 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, 2005'. एका दमात म्हणून दाखवा! म्हणूनच लोकांनी त्याचं सुटसुटीत बारसं केलं: दप्तर दिरंगाई कायदा.

या कायद्यातला सगळ्यात चटकदार भाग म्हणजे फायलीचं घड्याळ. साधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहायची नाही. 'तातडीची' असेल तर शक्यतो चार दिवस. 'तात्काळ' असेल तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी! दुसऱ्या खात्याला विचारायची गरज नसेल तर निर्णयाला 45 दिवस, विचारावं लागलं तर तीन महिने. फायलीला पाय फुटतात की नाही ठाऊक नाही, पण पारनेरच्या मातीतल्या आंदोलनानं तिच्या पायाला घड्याळ नक्की बांधलं. आपलं काम कुठं अडलंय ते विचारायला जाताना हे आकडे खिशात असू द्या. फार उपयोगी पडतात.

आणि 'साहेब जेवायला गेलेत' या वाक्याचं काय? त्यालाही वेळापत्रक आहे! राज्य सरकारी कार्यालयांत दुपारी 1 ते 2 च्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास जेवणाची सुट्टी, असा शासनाचा आदेश आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि कामाची वेळ झाली सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15. डबा लवकर उघडा, लवकर मिटवा.

आता जगातला सगळ्यात महागडा शब्दप्रयोग ऐका: 'एक मिनिट!' कामात गुंतलेल्या माणसाच्या टेबलाशी येऊन कुणी 'एक मिनिट हं' म्हणालं, की त्याची किंमत किती? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या संशोधक ग्लोरिया मार्क वर्षानुवर्षं ऑफिसातल्या माणसांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन फिरल्या. त्यांना आढळलं, की तुटलेल्या कामाकडे परत यायला सरासरी 23 मिनिटांहून जास्त वेळ लागतो. माणूस मध्येच दुसऱ्या-तिसऱ्या कामात शिरतो आणि फिरून फिरून मूळ जागी येतो. म्हणजे तीन वेळा 'एक मिनिट' झालं, की तास गेला!

मार्कबाईंनी आणखी एक गंमत दाखवली. कामात येणारे जवळपास निम्मे व्यत्यय आपले आपणच आणतो. कुणी हाक मारलेली नसते, फोन वाजलेला नसतो. आपणच उठतो, आपणच स्क्रीन उघडतो. आणि सारखा व्यत्यय आलेली माणसं काम हळू करत नाहीत बरं का. ती उलट घाईघाईनं उरकतात, पण ताण मात्र भरपूर वाढवून घेतात.

मग व्यत्ययच आले नाहीत तर? चला किल्ल्यात!

9 ऑगस्ट 1942. 'चले जाव'चा ठराव होऊन काही तास झालेले. पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे दिग्गज नगरच्या भुईकोट किल्ल्यात येऊन पडले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, पट्टाभि सीतारामय्या, असफ अली, आपले शंकरराव देव... एका छपराखाली अशी टीम देशातल्या कुठल्या ऑफिसला मिळाली असेल सांगा!

इथंच नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे शाळेत वाचलंय. पण स्पीड माहीत आहे का? एप्रिल ते सप्टेंबर 1944, फक्त पाच महिने. हातानं लिहिलेली सुमारे हजार पानं. गुणिले-भागिले करा, रोजची सहा-सात पानं पडतात. तीही इतिहासाची, हाताशी मोठं ग्रंथालय नसताना!

त्याहून मजेदार आहे सुरुवातीची तारीख. पुस्तक सुरू होतं 13 एप्रिल 1944ला. म्हणजे किल्ल्यात येऊन तब्बल वीस महिने उलटल्यावर! त्याआधी नेहरू वाचत होते, विचार करत होते आणि हातात अवजार घेऊन कैदेच्या आवारात बाग फुलवत होते. मला हे वीस महिने फार आवडतात. मोकळा वेळ हाती आला की लगेच काम उभं राहत नाही. जमीन आधी भुसभुशीत व्हावी लागते.

आणि एडिटिंग? घरचंच! हस्तलिखित वाचून सूचना करायला आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली शेजारच्याच खोल्यांत हजर. ना मेल, ना मीटिंगची लिंक.

मौलाना आझादांचा दिनक्रम ऐकून तर उडालच. पहाटे तीन-चारला उठायचं. स्वतःच्या हातानं चहा करायचा. दुधाचा आपला उकळ्या चहा नव्हे हं, चमेलीच्या वासाचा चिनी चहा, बिनदुधाचा. मग त्या शांततेत मित्राला पत्र लिहायला बसायचं. पत्र पोस्टात टाकायची सोयच नव्हती, तरी लिहायचं! तीच पत्रं 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' नावानं पुस्तकात आली आणि उर्दू गद्याचा दागिना ठरली.

पण व्यत्यय किल्ल्याच्या तटालाही घाबरत नाही. आझादांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी संसार थाटला. दिवसभर चिवचिव, वरून काड्यांचा पाऊस, टेबलावर कचरा. एवढा मोठा विद्वान माणूस, पण छत्री घेऊन चिमण्यांवर चालून गेला! लढाई रंगली. चिमण्या जायच्या, पुन्हा यायच्या. शेवटी मौलानांनी तह केला. तांदळाचे दाणे ठेवायला सुरुवात झाली. आधी लांब, मग जवळ, मग थेट तळहातावर. पुढं तर त्यांनी चिमण्यांची बारशीच केली: कुणी 'मोती', कुणी 'कलंदर'. ज्यांनी लिखाणात अडथळा आणला, त्याच चिमण्या लिखाणाचा विषय झाल्या. त्या पुस्तकातला चिमण्यांचा भाग आजही वाचकांचा लाडका आहे.

याच पहाटेच्या पत्रांत एक जड पानही आहे. एप्रिल 1943 मध्ये कोलकात्यात आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम गेल्या. त्या आजारी असल्याच्या बातम्या किल्ल्यात येत होत्या. सुटकेसाठी सरकारकडे अर्ज करायला आझादांनी नकार दिला आणि रोजच्या वेळापत्रकाला धरून राहिले. मनात काय चाललं होतं, ते त्यांनी पत्रातच उतरवलं. वेळापत्रक कधीकधी माणसाला उभं ठेवतं, ते असं.

चला, किल्ल्यातून बाहेर. दौंड रस्त्यानं अरणगाव, मेहेराबाद.

फोनचा सायलेंट मोड तुम्ही किती वेळ ठेवता? मीटिंगपुरता? अवतार मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मेहेराबादला मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं! आणि हे गुहेत बसून नव्हे. प्रवास चालू, भेटीगाठी चालू, माणसांचं जाणं-येणं चालू. समोर इंग्रजी अक्षरांची एक पाटी असायची, तिच्यावर बोट सर्रकन फिरायचं आणि शेजारचा माणूस ते मोठ्यानं वाचायचा. ऑक्टोबर 1954 पासून पाटीही गेली, उरल्या फक्त हाताच्या खुणा. त्यांचं 'गॉड स्पीक्स' हे जाडजूड पुस्तक 1955 मध्ये आलं. ते अशाच एकेका अक्षरावर बोट ठेवत सांगितलेलं. आज टाइपिंगचा कंटाळा येतो म्हणून व्हॉइस नोट पाठवणाऱ्यांनो, बघताय ना?

एक भेट तर सिनेमात शोभावी अशी. सप्टेंबर 1931, 'राजपुताना' जहाज, गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी. त्याच बोटीवर मेहेरबाबा! आता गांधीजींचाही साप्ताहिक नियम होता: सोमवारी मौन. त्या दिवशी जे सांगायचं ते चिठ्ठीवर. एक माणूस आठवड्यातून एक दिवस गप्प, दुसरा सगळेच दिवस. तरी दोघांची बोलणी झालीच!

आजही 10 जुलैला जगभरातले मेहेरबाबांचे अनुयायी मौन पाळतात. नगरजवळच्या एका माळरानावरून निघालेला 'नो कॉल डे' आहे हा.

नेवासा तालुक्यात शिरलं की आणखी एक नवल. शनिशिंगणापूर! घरांना दारं न बसवायची परंपरा, म्हणून टकटक नाही. युको बँकेनं 2011 मध्ये इथं शाखा काढली, तर बिनकुलपाची बँक म्हणून देशभर बातमी झाली.

गावाला बिनदाराची सवय झाली. ऑफिसला होते का? मोठ्या कंपन्यांनी केबिनच्या भिंती पाडल्या, म्हणाले लोक एकमेकांशी जास्त बोलतील. 2018 मध्ये हार्वर्डच्या दोन अभ्यासकांनी अशा ऑफिसांत मोजणी केली. निकाल उलटाच! समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि मेल-मेसेज वाढले. भिंत गेली, तसे लोकांनी कानात हेडफोन घातले. माणसाला आडोसा लागतोच.

आडोसा भिंतीचाच हवा असं नाही, एक खांबही पुरतो! नेवाशाला प्रवरेच्या काठी जो पैस खांब आहे, त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं वारकरी परंपरा मानते. साल शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. वय जेमतेम पंधरा. सांगणारे ज्ञानदेव, उतरवून घेणारे सच्चिदानंद बाबा. गीतेचे 700 श्लोक आणि त्यावर सुमारे 9000 ओव्या! तिथल्या मंदिरात पूजाही त्या खांबाचीच होते. ज्या जागी काम झालं, तीच जागा देवघर. अशी पूजा दुसरीकडे कुठं पाहिलीत?

आता जिचं नाव जिल्ह्याला मिळालं, तिचं टाइमटेबल बघा. अहिल्याबाई होळकर, जन्म 31 मे 1725, चौंडी, तालुका जामखेड. कारभार 1767 ते 1795, राजधानी महेश्वर. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं 1823 मध्ये माळव्यावरचा ग्रंथ छापला, त्यात तिचा अख्खा दिवस तासांसकट नोंदवलाय. उजाडायच्या तासभर आधी उठणं. पूजा, पोथीश्रवण, दानधर्म. शाकाहारी जेवण, पुन्हा प्रार्थना, थोडी विश्रांती. दुपारी दोनला दरबार, तो सहापर्यंत. मग दोन-तीन तास पूजा आणि साधं जेवण. नऊ वाजता पुन्हा काम. अकराला झोप!

बघा, राज्याच्या कामाला दोन ठरलेले स्लॉट. दोन ते सहा आणि नऊ ते अकरा. गाऱ्हाणी ती स्वतः ऐकायची, कुणीही यावं. पण दरबाराची वेळ ठरलेली आणि पूजेची वेळ तिची! आजच्या कॅलेंडर ॲपमध्ये 'ब्लॉक' केलेले रंगीत चौकोन असतात ना, तसलेच. अठ्ठावीस वर्षं एका बाईनं अशा दिवसावर राज्य पेललं. मला यापेक्षा मोठी मॅनेजमेंट गुरू दाखवाच.

साखरेशिवाय नगरची गोष्ट? शक्यच नाही! प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. माहीत आहे का, तोडलेला ऊस हा भलताच उतावळा कच्चा माल आहे? तोड झाली की वजन घटतं, उतारा घसरतो. शक्यतो 24 तासांत तो गव्हाणीत पडला पाहिजे. म्हणून हंगामात कारखाना तीन पाळ्यांत, रात्रंदिवस. ऊस आला नाही म्हणून गाळप थांबलं, की कारखान्यात दोनच शब्द घुमतात: 'नो केन!' फडातल्या कोयत्यापासून बॉयलरपर्यंत सगळ्यांचं घड्याळ एकच. आणि पाळीच्या भोंग्यावर आसपासच्या वस्त्यांची चूल पेटते ती वेगळीच.

आकाशातही शांतता पाळावी लागते! शिर्डीचं विमानतळ काकडी गावात, 1 ऑक्टोबर 2017 पासून सुरू. विमान उतरायला लागलं की कॉकपिटमध्ये गप्पा बंद. 10,000 फुटांखाली कामाव्यतिरिक्त एक शब्द नाही, हा नियम अमेरिकेनं 1981 मध्ये केला. कारण? वैमानिक गप्पांत रंगले आणि 1974 मध्ये तिथं एक विमान कोसळलं होतं. काही रुग्णालयांत औषधं देणाऱ्या नर्स 'मला मध्येच बोलवू नका' असं लिहिलेलं जॅकेट घालतात, तेही याच विचारातून. एका गोळीची चूक परवडत नाही.

संगमनेर-अकोले भागातल्या टोमॅटोवाल्यांनो, तुमच्यासाठी खास! जगातलं एक फेमस वेळतंत्र टोमॅटोमुळे ओळखलं जातं. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्यानं 1980च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला. 25 मिनिटं फक्त अभ्यास, मग 5 मिनिटं सुट्टी. झालं, 'पोमोदोरो' तंत्र जन्मलं! भाव पडले तरी या टोमॅटोची किंमत पडत नाही.

आणि डेडलाइन? त्यात नगरचा हात कोण धरणार! 8 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्लीनं शिड्या लावून नगरची पेठ घेतली आणि 12 ऑगस्टला किल्लाही त्याच्या हाती आला. पुढं वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला तोच हा. त्याचा नियम सांगितला जातो तो साधाच: आजचं काम आज.

पण आजचं काम आज रात्रीच उरकून दाखवलं ते चांदबिबीनं. 1595च्या शेवटी शहजादा मुरादच्या मुघल फौजेनं नगरला वेढा घातला. तटाखाली सुरुंग पेरले. आतल्यांना सुगावा लागला, काही सुरुंग त्यांनी निकामी केले. तरी फेब्रुवारी 1596 मध्ये एक उडालाच आणि तटाला भलं मोठं खिंडार पडलं. चेहऱ्यावर बुरखा, हातात तलवार, अशी चांदबिबी त्या खिंडारात जाऊन उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले. अंधार पडताच बाकी सगळी कामं बाजूला, हाताशी असेल तो माणूस दगड-मातीला लागला. एक रात्र, एक काम. सकाळी मुघल पुन्हा चाल करायला बघतात तर खिंडार बुजलेलं, भिंत उभी! तहात वऱ्हाड द्यावं लागलं, पण वेढा उठला आणि नगर राहिलं.